लाडवात काय होतं

खसखस दुबईत नेता येत नाही, हे तिथल्या प्रत्येक मराठी बाईला ठाऊक असतं. अफूच्या बोंडातलं बी ते. सापडलं तर थेट तुरुंग. म्हणून तिथल्या अनारशांना तीळ लागतात, करंजीच्या सारणातून खसखस गुपचूप गायब होते आणि कोणी कुरकुर करत नाही. मनोरमा दातार मात्र करायची. अठरा वर्षं दुबईत काढूनही तिळाचा अनारसा तिला अनारसा वाटत नसे, आणि चारचौघींत ती तसं नाक मुरडून बोलूनही दाखवत असे.

२००९च्या ऑक्टोबरात पुण्याहून परतताना तिने मेतकुटाचं एक पाकीट रिकामं केलं, पुसून कोरडं केलं, त्यात पाव किलो खसखस भरली आणि इस्त्रीने त्याचं तोंड चिकटवून टाकलं. "मने, कशाला नसते उद्योग?" तिची थोरली बहीण शोभना म्हणाली. मनोरमा हसली. तिची स्वतःची बॅग पापड-कुरडयांनी वजनाच्या काट्याला टेकली होती, म्हणून पाकीट गेलं मुलाच्या, कैवल्यच्या बॅगेत, मोज्यांच्या गुंडाळीत. त्याला तिने सांगितलं नाही. सांगितलं तर तो घाबरेल आणि घाबरलेला माणूसच पकडला जातो, असं तिचं म्हणणं.

आता हे बघा. अकरा महिने व्यसनमुक्ती केंद्रात ठेवून जो मुलगा ती बरा करून घरी नेत होती, त्याच मुलाच्या बॅगेत तिने अफूचं बी घातलं. आणि तिच्या डोक्यात ही दोन टोकं एकदाही जुळली नाहीत. तिच्या लेखी अफू ही वाया गेलेल्या लोकांची वस्तू होती आणि खसखस तिच्या स्वयंपाकघरातली. विमानतळावर कस्टमवाल्याने कैवल्यची बॅग नुसती दाबून सोडली. टॅक्सीत बसल्यावर मनोरमाचा जीव भांड्यात पडला, आणि लगोलग तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

कैवल्य बेसबॉल खेळायचा. मराठी घरात हा खेळ शिरण्याचं कारण म्हणजे त्याचा बाप, वासुदेव. वासुदेवचा तेव्हाचा अमेरिकन साहेब शुक्रवारी सकाळी आपल्या पोरांना बेसबॉलला न्यायचा. साहेबाची मर्जी राखायला वासुदेवने आपलंही पोरगं तिथे नेऊन उभं केलं. महिन्याभरात ते पोरगं साहेबाच्या पोरांपेक्षा जोरात चेंडू फेकायला लागलं आणि वासुदेवची पंचाईत झाली. पण कैवल्यला चेंडू सापडला तो सापडलाच. तो पिचर झाला. पिचर म्हणजे गोलंदाजच म्हणा. फक्त धावत यायचं नाही, जागेवर उभं राहूनच फेकायचं, आणि टप्पा पडू द्यायचा नाही.

एकोणिसाव्या वर्षी त्याला अमेरिकेतल्या एका कॉलेजकडून खेळण्यासाठी बोलावणं येणार अशी चिन्हं होती, आणि त्याच हिवाळ्यात त्याचा उजवा खांदा गेला. दुखण्यावर गोळ्या दिल्या गेल्या. खांदा बरा झाला, गोळ्या सुटल्या नाहीत. डॉक्टरने बंद केल्यावर त्या दुसरीकडून यायला लागल्या. २००८ साली बँका कोसळल्या, जुमेरा लेक टॉवर्समधल्या वासुदेवच्या ऑफिसात दर गुरुवारी कोणाचं तरी टेबल रिकामं व्हायला लागलं, आणि त्याच सुमारास कैवल्यच्या बुटात गोळ्यांची पट्टी सापडली. वासुदेवने चार दिवसांत पोराला पुण्याला पोचवलं. सगळ्यांना सांगितलं, एमबीएला गेलाय.

केंद्रात त्याने काय भोगलं ते तो कधी सविस्तर बोलला नाही. एक गोष्ट मात्र तो आल्यापासून सारखी सांगायचा. तिथल्या समुपदेशक बाईंनी सगळ्या मुलांकडून घोकून घेतली होती ती. "आई, दे टॉट अस वन थिंग. माझं मन मला खोटं सांगू शकतं. सो आय डोंट ट्रस्ट इट. आय ट्रस्ट पीपल हू लव्ह मी." मनोरमाचे डोळे भरून आले होते तेव्हा.

तो आला होता व्हिजिट व्हिसावर. तेवीस वर्षांच्या मुलाला बापाच्या व्हिसावर ठेवता येत नाही; नोव्हेंबर संपायच्या आत नोकरी, नाहीतर परत पुणं. मंदीत नोकरी कोण देणार? दिली ती हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइप कंपनीच्या लेबनीज मालकाने. तो अमेरिकेत शिकलेला आणि बेसबॉलसाठी खुळा झालेला माणूस. आपल्या इंजिनिअर आणि स्टोअरमधल्या लोकांची त्याने टीम केली होती आणि त्याला पिचर हवा होता. कैवल्यने त्याच्यापासून काही लपवलं नाही, गोळ्यांसकट सगळं सांगितलं. मालकाने सगळं ऐकून घेतलं.

"हबीबी, आय लाइक यू," तो म्हणाला. "पहिली मॅच खेळ. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये टेस्ट. क्लीन असशील तर जॉब, व्हिसा, सगळं मी साइन करतो. नसशील तर खलास. सेकंड चान्स मी देत नाही."

कैवल्य घरी येऊन हे सांगताना हसत होता. टेस्टची भीती त्याला नव्हतीच. तो स्वच्छ होता, आणि हे त्याच्याइतकंच त्याच्या आईलाही माहीत होतं.

मग मनोरमाने डिंकाचे लाडू केले. पोराच्या खांद्यात बळ यायला हवं होतं. डिंक तुपात फुलवला, खारीक कुटली, खोबरं भाजलं, आणि मेतकुटाचं पाकीट फोडून निम्मी खसखस कढईत ओतली. लाडवाला एवढी लागत नाही. पण वर्षानुवर्षं हात आखडून स्वयंपाक केलेल्या बाईला हात मोकळा सोडायचा होता. खसखस भाजून बारीक कुटली, म्हणजे घरी येणाऱ्या कोणाच्या नजरेला पडायला नको. वासुदेवने एक खाल्ला आणि म्हणाला, "अगं, हे आपल्या घरचे लागतायत!" कैवल्य रोज सरावाला जाताना दोन खायचा.

मॅच शुक्रवारी सकाळी होती. समोर अमेरिकन इंजिनिअरांची टीम, धष्टपुष्ट, हातात मुसळासारख्या बॅटी. मनोरमा लोखंडी बाकावर मांडीत डबा घेऊन बसली होती. तिला या खेळातलं ओ की ठो कळत नसे. तीनदा बॅट हुकली की गडी बाद, एवढं ती शिकली होती. तेवढ्यावर तिचं काम भागलं. कारण गडी हुकतच होते. कैवल्य डावा पाय उचलायचा, क्षणभर थबकायचा आणि हात सुटायचा. चेंडू मागे बसलेल्या फिलिपिनो पोऱ्याच्या हातमोज्यात असा फाटकन वाजायचा की बाकावरचे लोक दचकायचे. अकरा जण त्याने असे घरी पाठवले. शेवटच्या खेपेला मालक स्वतः मैदानात धावत गेला आणि त्याने कैवल्यला उचललं. मनोरमा उभी राहून रडत होती. चार वर्षांत तिने पोराचं असं तोंड पाहिलं नव्हतं. तो धावत तिच्याकडे आला, घामाने निथळणारा, आणि त्याने हात पुढे केला. "लाडू, आई! आय अर्न्ड इट." तिने त्याला तीन दिले.

शनिवारी टेस्ट झाली. दीडशे दिरहम, म्हणजे एकोणीसशे रुपये, असं वासुदेव दोनदा म्हणाला, पण कुरकुरला नाही. सोमवारी लॅबमधून कैवल्यचा फोन आला. डॉक्टर म्हणतात, घरी स्वयंपाक कोण करतं? त्यांना घेऊन या.

डॉक्टर सायरा कराचीच्या होत्या, पन्नाशीच्या, चेहऱ्याने थकलेल्या. त्यांनी कागद टेबलावर ठेवला. कैवल्य खुर्चीत ताठ बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली.

"पॉझिटिव्ह आया है," त्या म्हणाल्या. "ओपिएट, यानी अफीम की चीज़. पर नंबर बहुत छोटा है. गोली खानेवाले का इतना कम नहीं आता. आंटी, एक सीधा सवाल पूछती हूँ. घर में खसखस है? किसी चीज़ में डाली थी?"

मनोरमाच्या डोक्यात ती दोन टोकं आत्ता, या टेबलापाशी, एकदाची जुळली. लाडू, पाकीट, मोज्यांची गुंडाळी, कढईत ओतलेली निम्मी खसखस.

"अगर हो तो?" वासुदेवने विचारलं. त्याला काही माहीत नव्हतं, पण बायकोचा चेहरा तो सत्तावीस वर्षं वाचत आला होता.

"तो आंटी एक लेटर लिखेंगी. क्या बनाया, कब खिलाया. मैं 'डाएटरी' लिखकर आठ दिन बाद फिर टेस्ट करूँगी, बच्चा साफ निकल जाएगा. बिना वजह के दूसरी टेस्ट का कोई मतलब नहीं. लोग कहेंगे, आठ दिन छोड़ दी होगी."

"लेटर किसके पास जाएगा?" वासुदेवने विचारलं.

"फाइल में रहेगा. मैं किसी को फोन नहीं करती. पर कल को कोई फाइल माँगे, तो मैं ना नहीं बोल सकती."

वासुदेव बाहेर पॅसेजमध्ये गेला आणि मनोरमाला त्याने खुणेने बोलावलं. तिथे तिने त्याला सगळं सांगितलं, भराभर, दबक्या आवाजात. तो भिंतीला टेकला.

"त्याच्या बॅगेत? त्याच्या?"

"अहो, मला काय माहीत असं होईल?"

"सही केलीस तर काय होईल कळतंय? बायको पोलीस केस. या गुरुवारी माझं टेबल. व्हिसा, फ्लॅट, अठरा वर्षं, सगळं खलास." त्याने दाराकडे मान उडवली. "तो काय, पुण्याला परत जाईल. तिथे शोभना आहेच. तरुण आहे तो. आपण नाही."

मनोरमाला वाटलं होतं, हा ओरडेल, आणि मग म्हणेल, चल, लिहून दे. तो तसं म्हणाला असता तर तिने कदाचित लिहून दिलंही असतं. पण तो तसं म्हणाला नाही, आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. दोघं आत आली.

"आई," कैवल्यने विचारलं, "लाडवात काय होतं?"

"डिंक, खारीक, खोबरं," मनोरमा म्हणाली. "तूप, गूळ."

"दॅट्स ऑल?"

"माझ्या घरात खसखस नाही." हे तिने डॉक्टरकडे बघून सांगितलं, हिंदीतही सांगितलं, आणि आवाज जराही कापला नाही.

डॉक्टर सायरांनी तिच्याकडे पाहिलं. मग पेन उचलून त्यांनी कागदावर सही केली.

मालकाने शब्द पाळला. पोलिसांत कळवलं नाही, हीच त्याची मेहेरबानी. "यल्ला, पहिल्या फ्लाइटने जा," एवढंच म्हणाला आणि टीमचा शर्ट परत मागून घेतला.

घरी वासुदेवने उरलेले लाडू एकेक फोडून संडासात टाकले आणि तीनदा पाणी ओढलं. पाकीटही टाकायला सांगितलं. मनोरमाने हो म्हटलं आणि ते डाळींच्या डब्यामागे सरकवलं. पाव किलोतली निम्मी अजून शिल्लक होती, आणि टाकवत नव्हती.

कैवल्य दोन दिवस खोलीत बसून होता. मैदान, सराव, घर, मागचे तीस दिवस तो तास न् तास आठवून काढत होता. विमानतळावर आत जायच्या दाराशी तो थांबला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

"आई, मी खूप विचार केला. मला आठवत नाही घेतल्याचं. बट द रिपोर्ट इज द रिपोर्ट. अँड यू वोन्ट लाय टु मी." त्याने बॅग खाली ठेवली. "म्हणजे घेतली असेन मी. झोपेत, नाहीतर... आय डोंट नो. माझं मन मला खोटं सांगतंय. आय ॲम सॉरी."

पुढ्यात उभ्या असलेल्या या पोराला एक वाक्य सांगायला चार सेकंदंही लागली नसती. वासुदेव मागे उभा राहून घड्याळ बघत होता. मनोरमाने हात उंच करून पोराच्या गालावरून फिरवला.

"असू दे बाळा," ती म्हणाली. "माणूस चुकतो. आम्ही तुला माफ केलंय."

तो तिच्या गळ्यात पडून रडला, आणि थँक यू म्हणाला.

वासुदेवचं टेबल गेलं नाही. उलट दोन माणसं गेली, तेव्हा त्यांचं काम त्याच्याकडे आलं आणि नावापुढे 'सीनियर' लागलं. शेजारची हेमा विचारायची, कैवल्य का गेला हो इतक्या लवकर? मनोरमा सांगायची, इथे काय ठेवलंय आता, मंदी आहे. पण तिची झोप उडाली होती. जेवताना घास फिरायचा. त्याचा फोन आला की ती वासुदेवच्या हातात द्यायची. दोनदा तिने कागद घेऊन लिहायलाही सुरुवात केली, आणि दोन्ही वेळा 'चिरंजीव' लिहून फाडून टाकला.

फेब्रुवारीत, एका शुक्रवारी दुपारी, पानं वाढलेली असताना शोभनाचा फोन आला. ती हमसून हमसून रडत होती. कैवल्य चार दिवस घरी आला नव्हता. सकाळी सापडला, केंद्रातल्याच एका जुन्या मित्राच्या खोलीवर. गोळ्या नाही, आता सुई होती. जिवंत होता, पण ओळख देत नव्हता. "मने, शेवटचं बोलला तेव्हा मला म्हणाला, मावशी, मी स्वच्छ असतानाही रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो, मग स्वच्छ राहून करायचं काय?"

मनोरमा रडली. फोन ठेवून पदरात तोंड खुपसून रडली, अगदी खरं रडली. आणि रडता रडता तिला जाणवलं की तीन महिने छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलंय. तिने डोळे पुसले, वासुदेवला सगळं सांगितलं आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "म्हणजे अहो, रिपोर्ट तसा बरोबरच होता."

वासुदेवने ताट पुढे ओढलं.

"हो ना," तो म्हणाला. "लॅबवाले उगीच कशाला लिहितील?"

तिने रस्सा पुन्हा गरम केला. कितीतरी दिवसांनी त्या दुपारी दोघंही पोटभर जेवली.