तिसऱ्या गिअरची चकती

मी एक जुनी सायकल आहे. मित्रांनो, एके काळी मी गिअरची होते आणि त्याचा मला भारी तोरा होता. मागच्या चाकाला लहान-मोठ्या सहा दातेरी चकत्या आणि हँडलवर गिअर बदलायचा खटका! आमच्या गिरीज गावातल्या केळीच्या वाड्यांमधून जाताना साध्या सायकलींकडे मी ढुंकूनही पाहत नसे.

माझा मालक अनुज वालीवच्या एका कारखान्यात कामाला होता. तिसरा गिअर त्याचा सगळ्यात लाडका. घराच्या फाटकाशी थोडा चढ आहे. तिथे आला, की तो अंगठ्याने खटका दाबून तिसऱ्यावर यायचा. खट्! तो आवाज ऐकला, की आत त्याची आई, चंद्रकांताकाकी, चहा ठेवायची.

मग एका वर्षी अनुज तापाने फणफणला आणि दवाखान्यातून परत आलाच नाही. मी पडवीत उभी राहिले. काकीने माझा खटका तिसऱ्यावरच दोऱ्याने बांधून टाकला. कुणाला हात लावू देईना. खाऱ्या हवेने मला गंज चढला, गिअर जाम झाले, कोंबड्या माझ्या सीटवर बसू लागल्या. काय सांगू, फार अपमान वाटायचा.

पुढे अनुजच्या धाकट्या बहिणीला, जागृतीला, वालीवलाच नोकरी लागली. तिने मला शेजारच्या ऑस्टिनकडे नेलं. तो सायकली दुरुस्त करतो.

"गिअर गेलेत सगळे," तो म्हणाला. "काढून टाकतो. एकच चकती ठेवू, नवी चेन घालू. साधी सायकल, कटकट नाही."

मागोमाग आलेली काकी म्हणाली, "मग त्याचीच ठेव. तिसरी."

"काकी, तिचे दाते झिजलेत. नवी चेन बसणार नाही त्यावर, सटकेल."

"अनुजच्या पायाने झिजलेत ते," काकी म्हणाली आणि रडू लागली. ऑस्टिनने मान खाली घातली आणि तीच चकती ठेवली.

पहिल्याच संध्याकाळी फाटकाच्या चढावर जागृतीने जोर लावला आणि चेन सटकली. खट्! काकी धावत बाहेर आली. "अनुज?" समोर जागृती होती. काकी तशीच माघारी आत गेली.

मग हे रोजचंच झालं. खट् आवाज, धावती पावलं, पडलेला चेहरा. ऑस्टिन चकती बदलून देतो म्हणाला, तर जागृतीच नको म्हणाली. "आई तेवढ्यासाठी तरी बाहेर येते रे." मला मात्र भीती वाटायची. चढावर सीटवर दोघांचं वजन जाणवायचं आणि खटका काढलेल्या जागी कुणाचा तरी अंगठा दाबल्यासारखा वाटायचा.

एक दिवस वालीवच्या नाक्यावर रस्ता ओलांडताना चेन सटकली. आम्ही दोघी आडव्या झालो. मागच्या टेम्पोने करकचून ब्रेक दाबला. त्याचं चाक जागृतीच्या केसांजवळ येऊन थांबलं.

ती मला ढकलत घरी आली. चढावर आवाज झाला नाही. अंगणात पोचलो तेव्हा काकी दारातच होती.

"आज आवाज कसा नाही आला गो?" ती म्हणाली आणि मग तिला जागृतीच्या खरचटलेल्या कोपरावरचं रक्त दिसलं. तिने पोरीला घट्ट धरलं. किती वेळ सोडलंच नाही. मग स्वतः मला ऑस्टिनकडे घेऊन गेली. "काढ ती," एवढंच म्हणाली.

आता माझ्या चाकाला नवी चकती आहे. मी सुतासारखी सरळ चालते. मित्रांनो, आपापल्या सायकलीची चेन आणि दाते बघत जा, झिजलेले वेळेवर बदला. गेलेल्या माणसाची वस्तू जीव लावून जपा, पण जिवंत माणसाचा भार तिच्यावर टाकू नका.

आवाजच नाही, तर जागृती कधी आली ते आत कसं कळणार? म्हणून संध्याकाळ झाली, की काकी फाटकाशी येऊन उभी राहते. "आलीस गो, जागू?" म्हणते, तिच्या हातातला डबा घेते. जागृती आत जाते. काकी मात्र फाटक लगेच लावत नाही.