पाण्याकडची खोली

"हे बी नोको," ताराचंद म्हणाला.

फोनच्या पलीकडे त्याचा मेहुणा भूपेंद्र वैतागला. "भाऊजी, आता यात काय खोट हाये? जुनी हवेली, मोजक्या खोल्या, रंगीत काचा, नक्षीचे झरोके. लोक जीव टाकतात अशा हॉटेलवर."

"अंगनात हौद हाये."

"हौद कुठं? ते कारंजं हाये. घोटाभर बी पानी नाही त्यात."

"पानी हाये ना? मंग नोको."

भूपेंद्र नागपुरात एका ट्रॅव्हल कंपनीत होता. पण असं गिऱ्हाईक त्याला जन्मात भेटलं नव्हतं, आणि भेटलं ते सख्ख्या बहिणीचा नवरा! नवराबायकोला चार दिवस जैसलमेरला जायचं. हॉटेल लहान आणि देखणं हवं, पैशाची फिकीर नाही, अट एकच. खोलीतून, गच्चीवरून, जेवायच्या टेबलावरून, कुठूनच पाणी दिसता कामा नये. ही अट कळण्याआधी त्यानं तलावाकाठचं एक हॉटेल धाडलं होतं, ते ताराचंदनं बघताक्षणीच नाकारलं. मोठ्या हॉटेलांत पोहायचे हौद, म्हणून तर भूपेंद्र लहान हॉटेलं शोधत होता. पण ती काय कमी नखऱ्याची? कोणाच्या अंगणात कारंजं, कोणाच्या दारात गुलाबाच्या पाकळ्या तरंगवलेलं घंगाळ. वाळवंटातल्या लोकांना पाण्याचं मेलं केवढं कौतुक! ताराचंद अड्याळचा कापडवाला. ठाणातली सुटलेली तार शोधावी तसा तो एकेक फोटो बोटांनी मोठा करून पाहायचा, आणि पाणी त्याला सापडायचंच.

त्याला हसू नका. राखीच्या दुसऱ्या दिवशी गावच्या पोरी भुजल्या शिरवायला तलावावर गेल्या होत्या. टोपलीत उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब पाण्यात सोडायचे, थोडे एकमेकींच्या कानांत खोचायचे आणि गाणी म्हणत घरी यायचं. सगळ्या आल्या, ताराचंदची गुड्डी आली नाही. टोपली वाहत चालली म्हणून ती जरा पुढं गेली, एवढंच पोरी रडत सांगू शकल्या. सोळा वर्षांची, एकुलती एक लेक होती.

तेव्हापासून तिची आई सत्यवती मुकीच झाल्यासारखी. रांधायची, वाढायची, विचारलं तर हो-नाही करायची. ताराचंदनं मनाशी धरलं, हिला पाणी सोसत नाही. मग काय, त्यानं सगळा संसारच पाण्यापासून दूर ओढायला घेतला. तलावाकाठची वाट सोडून तो बाजारातून फिरून घरी येऊ लागला. धानाच्या बांध्यांत पाणी उभं असतं म्हणून शेत ठेक्यानं देऊन टाकलं. दिवाळीला तिला माहेरी करडीला नेलं नाही, कारण वाटेत वैनगंगा लागते. पण भंडारा जिल्ह्यात माणूस पाण्यापासून पळून पळून जाणार कुठं? गावागणिक तलाव इथं. म्हणून जैसलमेर काढलं.

"हे पाहा शेवटचं," भूपेंद्र म्हणाला. "गावाबाहेर हाये. चारी मेरा वाळू. हे बी नाही पटलं त मी हात टेकले."

ताराचंदनं फोटो पाहिले. मातीच्या भिंती, पांढरे पडदे, आणि पडद्यांबाहेर नुसती वाळू. त्याच्या जिवात जीव आला. मोबाइल घेऊन तो तसाच चुलीपाशी गेला.

"पाय, भेटलं. थेंबभर पानी नाही कुठं."

सत्यवतीनं पदराला हात पुसून फोटो पाहिले. मग ती म्हणाली, "अन् ते तलावाकाठचं होतं ना जी? भूपेंद्रनं माह्या मोबाइलवर बी धाडलं होतं."

"ते मी तवाच नाही म्हनलं."

"काहून?"

"काहून म्हंजे? तुह्यासाठी."

"माह्यासाठी?" तिनं मोबाइल खाली ठेवला. "मी त रोज तलावावर जाते जी. दुपारी, तुमी दुकानात असता तवा."

ताराचंद भिंतीला टेकला.

"पाळीवर बसते. तिच्यासंगं बोलते. आज भाजी कायची केली, कोन आलं, कोन गेलं. घरात तुमी तिचं नाव निंघू देत नाही. मंग मी बोलू कुठं?"

"मंग जैसलमेरले हो कायले म्हनलं?"

"तुमच्यासाठी. अंघोळीची बादली भरली का डोळे मिटून घेता तुमी. मले दिसत नाही का? पान्याचा धाक तुमाले हाये, मले नाही. म्हनलं, चार दिवस कोरड्या जागी तुमी जरा मोकळा श्वास घ्याल."

इतके महिने हा माणूस बायकोला सांभाळत होता, आणि ती त्याला. ताराचंद मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "मीच काढलं तिले बाहेर. ह्या हातानं. ते पानी अजून माह्या अंगावरून उतरलं नाही, सत्ते. पाहवत नाही मले."

सत्यवतीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. रडू तिलाही आलं, पण ती बोलत राहिली. "मंग वाळूचंच घ्या. राहीन मी."

"अन् तुहं बोलनं?"

"चार दिवस नाही बोलली त काय होते," ती म्हणाली. "तेथं तलाव असता त बसली असती काठावर. पानी सारं सारखंच."

ताराचंदनं तोंड पुसलं आणि भूपेंद्रला पुन्हा फोन लावला.

"ते तलावाकाठचं हॉटेल हाये का अजून? त्याच्या मांगच्या खोल्यांतून काय दिसते?"

"मांगं नुसती वाळू, भाऊजी. त्या खोल्या कोनी मांगत नाही."

"दोन खोल्या पाहिजे. एक पान्याकडची, एक मांगची."

"अजून कोनी येऊन राहिलं का संगं?"

"नाही. आमी दोघंच."

भूपेंद्र हसला. "नवराबायको अन् दोन खोल्या? हॉटेलवाला काय म्हनन?"

"त्याले सांग," ताराचंद म्हणाला, "आमची गुड्डी तलावात बुडून मेली."

हे त्यानं आजवर कोणापुढंही तोंडातून काढलं नव्हतं. सत्यवती त्याच्याकडे पाहतच राहिली. पलीकडे भूपेंद्रचं हसणं तुटलं. गुड्डीचा मामाच तो.

"भाऊजी," तो हळूच म्हणाला, "त्यातल्या दोन खोल्यांच्या मधात दार हाये. ते लोक कडी लावून ठेवतात. उघडं ठेवा म्हनू का?"

ताराचंदनं बायकोकडे पाहिलं.

"उघडं राहू द्या म्हना," ती म्हणाली.

"राहू दे उघडं," तो फोनवर म्हणाला. मग जरा थांबून, आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "पन त्या दाराले परदा लावता येईन का, भूपेंद्र? जाडा असला पायजे."