कुलूपवाला फळ्या सोडून चालला

मी पायवाट बोलतेय. शहराच्या शेवटच्या बसथांब्यामागून निघते, दलदल ओलांडते आणि टेकडीवर चढते, तीच. ऐकायचं असेल तर नीट ऐका, नाहीतर पुढं व्हा. माझ्या अंगावर उभं राहून टिवल्याबावल्या केलेल्या मला खपत नाहीत.

मला कुणी बांधलं नाही. मला एका गाईनं काढलं. तिला टेकडीवरचं गवत हवं होतं आणि चिखल नको होता, म्हणून घट्ट जमीन हुंगत हुंगत ती गेली. मागनं तिला शिव्या घालत तिचा मालक गेला. झाले मी! पुढं शहर वाढलं, लोकांची पोटं वाढली, डॉक्टर 'चाला' म्हणाले आणि सगळे माझ्या बोकांडी बसले. पालिकेच्या माणसांनी दलदलीत लाकडी फळ्या टाकल्या, दगडांवर पिवळे बाण काढले. बाण कशाला? मी काय पळून जाणार होते? तेव्हापासून माणूस दिसला की मला आधी संशय येतो.

आणि तो उगाच नाही. मोकळ्या हवेत आलो म्हणतात आणि घरातली सगळी भांडणं बरोबर आणतात. दोघं भाऊ हसत येतात, वळणाआड गेले की एकमेकांची गचांडी धरतात. मी सगळं ऐकते. कोण कुणाचं काय लागतं, कोण कुठं राबतं, सगळं मला त्यांच्याच बडबडीतून कळतं.

टेकडीच्या निम्म्यावर मला एक फाटा फुटतो. झुडपांतून वर जातो आणि एका सपाट खडकापाशी संपतो. तिथून शहर दिसत नाही, फोटो धड येत नाही, म्हणून कुणी फिरकत नाही. तो फाटा जगलाय एका बाईच्या पायांवर. तिनं येणं सोडलं तर गवत त्याला गिळून टाकेल. वाटेला दुसरं मरण नसतं.

ती कुलूपवाल्याची बायको. बाजाराच्या तोंडाशी तिच्या नवऱ्याची कुलपं विकायची आणि किल्ल्या करून द्यायची टपरी आहे. ती घरी शिवणकाम करते. मशीन सुरू करायच्या आधी, सकाळी सकाळी इथं येते. एकटी. हातात काही नाही. मला वाटायचं, हिनं खडकाखाली काहीतरी पुरलंय.

एका सकाळी तिच्या मागनं नवे पाय आले. घासून गुळगुळीत झालेल्या चपला, दबकी चाल. कुलूपवाला! दलदलीच्या काठाला लव्हाळी कापणारा म्हातारा असतो, त्यानं हाक मारली.

"काय हो, बायको हरवली का?"

"आपलं काम करा."

"करतोच आहे. तुमची पुढं गेली. रोजच जाते."

"कुणाकडं?"

"ते मला काय विचारता? मी लव्हाळी कापतो, माणसं नाही. आणि फळ्यांवरूनच जा बरं का!"

झालं. कुलूपवाल्याच्या डोक्यात किडा वळवळला. हा फळ्यांवरून जा का म्हणतोय? फळ्या तर करकरतात. म्हणजे तिला आधीच कळावं म्हणून! म्हातारा सामील आहे! जन्मभर दुसऱ्यांच्या कुलपांत आवाज न करता तार फिरवलेला माणूस तो. त्यानं फळ्या सोडल्या आणि बाजूच्या हिरव्यागार गवतावरून निघाला.

अरे मूर्खा, ते गवत नाही, चिखलावरची साय आहे! पण वाटेची हाक कुणाला ऐकू जाते?

आधी गुडघा गेला, मग मांडी, मग कंबर. ओरडला नाही पठ्ठ्या. लाज! चिखल छातीला टेकला तेव्हा कुठं तोंडातून शब्द फुटला.

"अगं!"

ती धावत माघारी आली.

"अहो! तुम्ही इथं?"

"फिरायला आलो होतो."

"चिखलात?"

"आधी बाहेर काढ, मग चौकशी कर."

तिनं माझी एक सुटी झालेली फळी उचकटली आणि त्याच्यापुढं सरकवली. "पाय ओढू नका. फळीवर आडवे व्हा. हळूहळू. मुकाट्यानं."

पण मुकाट राहील तो कुलूपवाला कसला! फळीला मिठी मारून, नाकातोंडावर चिखल घेऊन विचारतो, "कुणाला भेटतेस?"

"कुणालाच नाही."

"मग वर करतेस काय?"

"बसते."

"बसतेस म्हणजे?"

"बसते म्हणजे बसते! घरी टेकलं की आई हाक मारतात, तुम्ही चहा मागता, गिऱ्हाईक बाही उसवून मागतं. तिथं कुणाला माझ्याकडून काही नको असतं."

"हे कुणाला खरं वाटेल?"

"फळी सोडू का?"

त्यानं फळीला आणखी घट्ट मिठी मारली. बाहेर निघाला, एक चप्पल मला देऊन गेला. दोघं घरी गेली, एकमेकांकडं न बघता.

त्यानंतर ती येईना. फाट्यावर गवतानं डोकं वर काढलं. झुडपं दोन्ही बाजूंनी आत वाकली. कोंडली वाटतं बाईला, कुलपंच विकतो मेला! मी रोज त्याला शिव्या घातल्या.

आणि मग एका सकाळी ती आली. मागनं तो, नव्या चपला घालून. फाट्यापाशी ती वळली.

"इथवर. पुढं मी एकटी."

"साप असतील."

"असू देत."

"मग मी इथं थांबतो."

"थांबा. हाका मारायच्या नाहीत."

तेव्हापासून रोज हेच चाललंय. ती वर जाते, तो फाट्याच्या तोंडाशी दगडावर बसून वर बघत राहतो. राखण करतो की पाळत ठेवतो, मला अजून उमगलेलं नाही. आज तो उठला, फाट्यावर दोन पावलं आत आला. मी अंग आवळून धरलं. त्यानं वाकून वाटेत आलेलं काटेरी झुडूप मुळासकट उपटलं, लांब फेकलं, बोटातलं रक्त चोखलं आणि परत जाऊन बसला. तिला जाता यावं म्हणून उपटलं, की त्याला वरचं नीट दिसावं म्हणून? विचारणार कोण!

तुम्हीही या. शहाणपण करू नका, कचरा टाकू नका, आणि पुढं चाललेल्याला कुठं निघालात म्हणून विचारू नका. पाय पडत राहिले तर मी राहीन.

बास झालं. ती उतरतेय. बाजूला व्हा, तिला जाऊ द्या.