तिघांचा सीसॉ

उपनगरात बागा एकूण चार, आणि चारही बागांचं लोखंड एकाच माणसाच्या हातचं. फाटकं, कठडे, बाकांचे पाय, झोपाळ्यांचे खांब, घसरगुंड्या, सगळं मिस्त्रींनी केलेलं. मिस्त्रींना एक लेक. ती स्वतः उद्यान विभागात इंजिनीअर. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक म्हणत, बापाने बागा उभ्या केल्या आणि लेक आता त्यांच्यातल्या चुका काढत फिरते.

पहिली बाग पाण्याच्या टाकीखालची. उपनगर नवं होतं, रस्ते कच्चे होते. टाकीभोवती उरलेली जागा कुणालाच नको होती, म्हणून ती मुलांच्या वाट्याला आली. दुसरी रेल्वेच्या रुळांच्या कडेनं गेलेली, इतकी अरुंद की दोन धष्टपुष्ट माणसं समोरासमोर आली तर एकाला गवतात उतरावं लागे. तिला सगळे 'पट्टी' म्हणत. तिसरी चौकाच्या मधोमध, गोल, देखणी, फुलांनी भरलेली, पण चहूबाजूंनी गाड्या अशा सुसाट जात की तिथवर पोचायची कुणाची छाती नव्हती. चौथीत कारंजं होतं. ते उद्घाटनाला उडालं, त्यानं पाहुण्यांचे कपडे भिजवले आणि त्यानंतर जे रुसलं ते रुसलंच.

मिस्त्री बागांवर बोलायला लागले की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा. पट्टीच्या कठड्यातून चेंडू कसा रुळांवर जात नाही, घसरगुंडीवरून मूल सपकन येतं पण तोंडावर कसं आपटत नाही, सगळं साग्रसंगीत. स्वतःची पाठ स्वतःच थोपटायला त्यांना कधी संकोच वाटला नाही. पण टाकीखालच्या बागेचा विषय निघाला की तोंडाला कुलूप. कारण तिथं तो सीसॉ होता.

सीसॉ मोडका नव्हता, भक्कम होता. फक्त त्याचा टेकू मधोमध नव्हता. झालं होतं असं की मिस्त्रींनी लांब पाइपावर खडूनं मध्य काढला, मग एका टोकाला चीर दिसली म्हणून तेवढा तुकडा कापून टाकला, आणि घाईच्या भरात भोक पाडलं ते जुन्याच खुणेवर. उद्घाटन तोंडावर आलेलं, दुसरा पाइप हाताशी नाही. बसवला तसाच. एक बाजू लांब, एक आखूड. उद्घाटनाला पाहुण्यांची दोन मुलं बसली, तर एक धपकन खाली आणि दुसरं वर लटकून भोकाड पसरलेलं. लोक पोट धरधरून हसले. ते हसू मिस्त्रींच्या जिव्हारी लागलं. त्यानंतर त्यांनी त्या बागेत पाऊल टाकलं नाही. बाजारात जायचं तरी वळसा घालून जात. लेकीलाही लहानपणी तिकडे फिरकू दिलं नाही. खेळायचंय? पट्टीवर जा.

आता उपनगराच्या त्या पहिल्यावहिल्या बागेच्या वर्धापनाचा सोहळा ठरला होता. जुन्या खेळण्यांची तपासणी लेकीकडे आली होती आणि रहिवाशांनी मिस्त्रींचा सत्कार करायचं मनावर घेतलं होतं.

"सत्कार करा नाहीतर हत्तीवरून मिरवा," मिस्त्रींनी ठणकावलं, "ते धूड उपटल्याशिवाय मी यायचा नाही. आणि उपटणारी घरातच आहे."

"बाबा, अहो, कुणाच्या लक्षातही नसेल आता."

"माझ्या आहे ना!"

आई आतून म्हणाली, "पाइप एकीकडे कलला होता, पण हा माणूस जन्मभर कललाय." मिस्त्रींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

लेकीला हसू आलं, पण आत कुठंतरी तुटलंही. मिस्त्री हल्ली थकले होते. वर्कशॉपचं शटर आठवड्यातून एखाद्या वेळी उघडे, तेही नुसतं धूळ झटकायला. इतकी कामं केलेला माणूस एका भोकासाठी मान खाली घालून जाणार, हे तिला बघवत नव्हतं. त्यांनी एकदा ताठ मानेनं त्या फाटकातून आत जावं, एवढंच तिला हवं होतं. सीसॉ काढायचा, मधोमध टेकू असलेला नवा बसवायचा, की झालं. तिनं मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बागेत गेली. सीसॉवर तीन मुलं होती. आखूड बाजूला चष्मेवाला मुलगा आणि त्याची बहीण एकमेकांना चिकटून, लांब बाजूला एकटी दोन वेण्यांची मुलगी. पाइप झकास वरखाली होत होता. फक्त मधली खीळ करकरत होती. तिनं वाकून पाहिलं, खीळ झिजली होती.

"उतरा बरं सगळे. हा आता बंद. नवा येणार आहे, अगदी मधोमध टेकू असलेला."

"मधोमध?" वेण्यांची मुलगी उतरता उतरता म्हणाली. "मग दोघंच बसणार?"

"हो. दोन टोकांना दोघं."

"मग मला कोण बोलवेल?"

बहीणभाऊ बोलायला लागले, एकाचं वाक्य दुसरा तोडत. ही महिन्यापूर्वीच राहायला आली. कुणाशी बोलत नव्हती, बाकावर बसून असायची. पण सीसॉला तिसरा लागतोच, त्यांनी हाक मारली, आता रोज येते. त्याआधी ते दोघं सायकलवाल्या मुलाला बोलवायचे. आणि या भावंडांना पहिल्यांदा बोलावलं ते आता कॉलेजात जाणाऱ्या एका ताईनं.

लेक घरी आली ती विचारातच. वडिलांना हे नुसतं सांगून उपयोग नव्हता. समजूत घालायला बोलतेय, म्हणून उडवून लावलं असतं. ती म्हणाली, "बाबा, तो सीसॉ काढायचाय. पण तुमची खीळ आमच्या माणसांना निघेल असं वाटत नाही."

मिस्त्रींचे डोळे लकाकले. "त्यांच्या बापाला निघायची नाही!"

सकाळी हातोडा, पाने, ग्रीसचा डबा आणि नवी खीळ असं सगळं पिशवीत घालून ते निघाले. काढायच्या वस्तूला नवी खीळ कशाला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. हत्यारं भरताना हात आपोआप तिकडे गेला होता. फाटकाशी क्षणभर थबकले, मग नाक वर करून आत गेले.

सुट्टीचा दिवस होता. मिस्त्री खीळ ठोकून काढायला लागले तशी चष्मेवाला, बहीण आणि वेण्यांची मुलगी भोवती गोळा झाली.

"आजोबा, तुम्हाला माहितीये का, हा कसा खेळायचा?" बहिणीनं विचारलं.

मिस्त्रींनी भुवई चढवली. "नाही बुवा. सांग की."

"आखूड बाजूला दोघं, लांब बाजूला एक. नाहीतर चालत नाही."

"मग तो चुकलाय म्हणायचा."

"चुकलाय काय!" चष्मेवाला उसळला. "सीसॉ असाच असतो."

"बाकी ठिकाणी मधोमध असतो, बाळा."

"आमच्या मामाकडे आहे तसला. तो चुकलाय. त्याच्यावर दोघंच खेळतात आणि बाकीचे नुसते बघत बसतात."

मिस्त्रींचा हातोडा हवेतच राहिला. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग पाइपाकडे, आणि मग लेकीकडे. ती झाडाच्या मुळांकडे फार लक्ष देऊन बघत होती.

खीळ निघाली. त्यांनी भोकात बोट फिरवलं, पाइप ठोकून आवाज ऐकला, जोड निरखले. पाइप ठणठणीत होता. मग पिशवीतून नवी खीळ काढली, ग्रीस चोपडलं आणि ती बसवली.

"चालवून बघायला हवा," मिस्त्री पुटपुटले.

बहीण आणि वेण्यांची मुलगी केव्हाच लांब बाजूला चढून बसल्या होत्या. चष्मेवाल्यानं फर्मावलं, "आजोबा, तुम्ही मोठे आहात, आखूड बाजूला तुम्ही एकटेच बसा. या ना, तिसरा कमी पडतोय!"

"अरे, या वयात..."

"बसा हो बाबा," लेक म्हणाली.

मिस्त्री बसले. आधी कसेबसे, दांडी घट्ट धरून. मग जमिनीला पाय रेटले, तसे ते वर गेले आणि मुली खाली आल्या. मग मुलींनी पाय रेटले, मुली वर, मिस्त्री खाली. खीळ जराही करकरली नाही. तिसऱ्यांदा वर गेल्यावर ते हसले, खदखदून, सगळी बाग वळून बघेल असे. त्यांना असं हसताना लेकीनं कधी पाहिलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

"बाबा, मग अहवालात काय लिहू? काढायचा?"

"खबरदार!" वरून आवाज आला. "आणि काय गं, त्या नव्या वस्तीकडे पाचवी बाग करताय ना तुम्ही? तिथला सीसॉ कोण करतंय?"

"ठरलं नाहीये अजून."

"मी करतोय. आणि तुझ्या साहेबांना सांगून ठेव, मधोमध करा म्हणाले तर मला जमणार नाही."

मुलींनी पुन्हा पाय रेटले.