सोडणं

सदऱ्याचं काज लहान होतं, बटण मोठं. वच्छलानं ते नखानं ढकललं, पितांबरचा प्लास्टरमधला उजवा हात मध्ये आला म्हणून तो जरा सरकवायला आपला हात उचलला — आणि त्यानं डोळे मिटून मान आत घेतली. नवऱ्याची ती मान ती बघतच राहिली. इतकी वर्षं तिची मान अशी आत जायची... तो नुसता वळला तरी.

ऑफिसात त्यानं स्कूटरवरून पडलो असं कळवलं होतं. मेहरूण भागातल्या त्यांच्या गल्लीतल्या बायका हळहळून गेल्या — सगळा भार तुझ्यावरच आला गं — आणि तिनं प्रत्येकीला चहा केला. तिचा ओठ फाटायचा तेव्हा ती मोरीत घसरलेली असायची. आता तो स्कूटरवरून पडला होता.

माहेरी जाऊ का, एवढंच विचारलं होतं तिनं. त्यानं अंबाडा धरला, आणि मग तिच्या हातांना जे आठवलं ते तिला स्वतःला आठवत नव्हतं. सोनगीरहून धुळ्याला शिवणक्लासला एसटीनं एकटी जायला लागली, तेव्हा झुलाल पैलवानांनी, तिच्या आबांनी, अंगणात शिकवलेलं — केस धरले तर मागं ओढायचं नाही, त्याचाच पंजा डोक्याशी दाबून गर्रकन वळायचं, त्याचा कोपर आपोआप सरळ होतो, मग वरून दाब. आणि तो सोड म्हणाला की सोडायचं. पेच घालणं कुणालाही येतं, आबा म्हणायचे, सोडणं शिकावं लागतं.

पितांबर म्हणाला होता सोड. स्पष्ट म्हणाला होता. वच्छला, सोड, दुखतंय... आणि मी ऐकलं. ऐकलं, आणि वाटलं, हा आवाज असाच चालू राहावा. मग मी आणखी दाबलं.

दुपारी आबा आले. जावयाशेजारी बसले, प्लास्टरबाहेरची सुजलेली बोटं त्यांनी हळूच दाबून पाहिली. मग स्वयंपाकघरात येऊन तिच्यासमोर टेकले.

“कितला येळ धरा व्हता?”

तिनं परातीतलं पीठ गोळा केलं. “त्या सोड म्हनात, लगेच सोडी दिधा, आबा.”

“खरं सांग, माय.”

“लगेच सोडी दिधा.”

आबा बराच वेळ तिच्या मनगटांकडे बघत होते. जेवले नाहीत. सोनगीरची गाडी चुकेल म्हणाले. निघताना नेहमी डोक्यावर हात ठेवायचे, तो आज ठेवला नाही — की गडबडीत राहिला... नाही, गडबड नव्हती त्यांना.

“वच्छला...” आतून पितांबरचा आवाज आला. “थोडं पाणी मिळेल का?”

मिळेल का. म्हणजे हे शब्द होते त्याच्याजवळ. अंबाडा धरायचा तेव्हाही होते, तिच्या तोंडातलं रक्त बेसिनमध्ये वाहून जायचं तेव्हाही होतेच कुठेतरी, जपून ठेवलेले.

ती उठायला लागली. माठ हाताशीच होता. मग ती पुन्हा खाली बसली, पदर सारखा केला, आणि ऐकत राहिली — तो परत मागतो का, आणि मागताना आवाज आणखी किती खाली येतो...