महाराजांच्या पाटावरचा ड्रोन

नांदुऱ्याच्या पुढे, रस्त्यालगतच्या मठात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. लग्नाचे व्हिडिओ काढणारे, त्यांचे घरचे, सहज गंमत म्हणून थांबलेले असे सगळे माना वर करून उभे होते. कडुनिंबाच्याही वर एक ड्रोन खिळ्याला टांगल्यासारखा थांबला होता. खाली गगनस्थिर महाराज डोळे मिटून, तळहात उभारून.

"पाहा! पान हालून राह्यलं, पण यंत्र हालते का?" शिष्य गजेंद्र माइकवर ओरडला. "महाराजांनी वारा बांधून ठेवला! बोला, गगनस्थिर महाराज की..."

"जय!"

वासंतीबाईंच्या तोंडून जय निघाला नाही. मलकापूरच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. तरुणपणी भानामतीच्या घरांत त्या जात, आपोआप पेटणारे कपडे कसे पेटतात ते करून दाखवत. तेव्हाची माणसं निरक्षर होती, पण ऐकून घेत. आता खिशात अख्खं जग घेऊन फिरणारी ही माणसं पाहून त्यांचा जीव नुसता चडफडत होता.

आल्या होत्या त्या भाचीसाठी. नीरजाने अख्खा हिवाळा चौकशी करून, पारखून ड्रोन घेतला होता. लग्नसराई तोंडावर होती, तिची पहिलीच. पण नवा ट्रॅक्टर जसा आधी देवाच्या ओट्यावर न्यायचा, तसा आता ड्रोनही महाराजांच्या पाटावर ठेवायची चाल पडली होती. तिचे वडील पंजाबराव त्यापुढे काही ऐकायला तयार नव्हते.

नीरजाने मखमल पांघरलेल्या पाटावर ड्रोन ठेवला, चालू केला. तो वर गेला आणि दारू प्यायल्यासारखा गोल गोल भरकटत पत्र्याच्या छपराकडे निघाला. तिने कसाबसा खाली आणला.

"अशांत यंत्र!" महाराजांनी डोळे उघडले. "आज ना उद्या नवरदेवाच्या डोक्यावर पडन हे."

गजेंद्र खोकं घेऊन हजरच होता. "हे ठेऊन जा ताई, अन् सिद्ध केलेलं घेऊन जा. मघा वर थांबलं होतं, त्याचंच भावंड हाय."

"देऊन टाक पोरी," पंजाबराव म्हणाले.

"बाबा, मी पाहून-पाहून निवडला हो हा!" नीरजाने ड्रोन छातीशी धरला. "त्यांच्या यंत्रावर लग्न काढता येत नाही."

"काऊन नाही येत? महाराजांपेक्षा तुले जास्त समजते?"

वासंतीबाई पुढे सरकल्या. "नीरजा, रिमोटच्या पडद्यावर काय आलं होतं गं?"

"होकायंत्र चुकून राह्यलं म्हणे, आत्या."

"देवापुढं दिशा चालत नसते, बाई!" गजेंद्र हसला. लोकही हसले.

वासंतीबाईंनी बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि पाटाजवळ नेली. पिन बोटांतून सुटली ती मखमलीवर जाऊन उभीच्या उभी चिकटली. हसणं थांबलं. गजेंद्र अडवायच्या आत त्यांनी पाट उलटा केला. खाली काळी, जाडजूड गोल कडी स्क्रूने बसवलेली.

"भोंग्यातले चुंबक!" त्यांनी महाराजांच्या दाढीकडे निरखून पाहिलं. "उद्धव ना रे तू? आमच्या स्नेहसंमेलनाले भोंगे लावायले येत होतास."

महाराजांचा हात खाली आला.

"ड्रोनमध्ये होकायंत्र असते. चुंबकावर चालू केलं की त्याले उत्तर कुठं ते समजत नाही, म्हणून तो भरकटते. यांचा मात्र पाटावर ठेवतच नाहीत, तळहातावरून उडते. नीरजा, तुझा तिकडं मोकळ्या मातीत ठेव. बंद कर, पुन्हा चालू कर."

नीरजाचा ड्रोन वर गेला आणि थांबला. कोणी हात उभारला नव्हता.

"पण महाराजांचंही थांबलं होतं ना!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"थांबणारच. उपग्रहाच्या खुणेवर ते आपली जागा धरून ठेवते. कुठलाही बरा ड्रोन हे करते. पण लग्नात लोक ड्रोन पाहत नाहीत, त्यानं काढलेलं चित्र पाहतात. गजेंद्र, तुमच्या सिद्ध यंत्राचं चित्र दाखव."

"ते... दाखवत नसतात."

पंजाबरावांनीच त्याच्या हातातला मोबाइल ओढून घेतला. मघाचं चित्र सुरू झालं. कडुनिंब, छप्पर, माणसं, सगळं हिव भरल्यासारखं थरथरत होतं.

"याचा कॅमेरा सरळ अंगालेच ठोकलेला हाय, मामा," नीरजा बाजूच्या माणसाला सांगू लागली. तिच्या आवाजात आता जोर होता. "पंख्याचा सगळा थरकाप चित्रात येते. माह्यात कॅमेरा पाळण्यात हाय. ड्रोन वाकला तरी पाळण्याच्या छोट्या मोटारी त्याले सपाट धरतात. हे पाहा." आणि तिच्या पडद्यावरचा मठ तसूभरही हलत नव्हता.

एक म्हातारे गृहस्थ मात्र हात जोडूनच उभे होते. "पण बाई, चुंबकातली शक्ती महाराजांचीच असन ना?"

वासंतीबाईंनी कपाळाला हात लावला. एवढं उलटं करून दाखवलं, तरी! पाटावर ड्रोन ठेवायला लागलेली रांग विरळ झाली होती, पण मोडली नव्हती. त्या तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी मास्तरीण आहे म्हणून माझं ऐकू नका. त्यानं दाढी वाढवली म्हणून त्याचंही ऐकू नका. तुमचं यंत्र इथून उचला, मोकळ्या जागी उडवा, त्याचं चित्र डोळ्यांनी पाहा, मग ठरवा. एवढंच. देवाले यात काऊन आणता?"

पंजाबरावांनी सिद्ध यंत्राचं खोकं गजेंद्रकडेच परत ढकललं. "आमचं आम्हाले बरं हाय."

रांगेतल्या एका बाईने आपला ड्रोन काखेत मारला आणि शेताच्या बांधाकडे चालू लागली. मग तिच्या मागचा माणूसही.