बन्सीचा वस्तरा, रत्नमालाचा हात

एसटीच्या सगळ्या नोकरीत बन्सी वाहुळ यांच्या गाडीला कधी ओरखडा आला नव्हता. शेवटची काही वर्षं तर ते नव्या ड्रायव्हरांना गाडी शिकवत. असा माणूस भावसिंगपुऱ्यातल्या स्वतःच्या घरात, स्टुलावर चढून कूलरमध्ये पाणी ओतताना पडला आणि उजवा हात मोडून बसला. पार बोटांपर्यंत प्लास्टर चढलं.

"जेवायचं डाव्या हातानं जमवीन," घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले, "पण दाढीचं काय?"

बन्सी दाढी घरीच करत, वडलांच्या घडीच्या वस्तऱ्यानं. भीमजयंती तोंडावर आली होती. त्या दिवशी पांढरे कपडे घालून, गुळगुळीत हनुवटीनं भडकल गेटला पुतळ्याला हार घालायला जायचं, हा त्यांचा शिरस्ता. पुण्याहून मुलानं, अभयनं, फोनवर सांगितलं, "बाबा, मशीन पाठवतो."

"मशीन गवताला ठीक हाय," बन्सी म्हणाले.

रत्नमाला म्हणाली, "मग सलूनात चला. कोपऱ्यावर तर हाय."

"तिथं मला बसवत नाय. आयुष्यभर स्टेअरिंग माझ्याच हातात होतं. दुसरा चालवायला लागला की माझा पाय आपोआप ब्रेक शोधतो."

"मग मी करते."

बन्सींनी तिच्याकडं नीट पाहिलं. रत्नमाला अंगणवाडीतून नुकतीच निवृत्त झाली होती. रडणाऱ्या पोरांची नखं कापण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण वस्तरा म्हणजे नेलकटर नव्हे.

"कर," ते म्हणाले. "पण आधी धार लावायला शिक. बोथट वस्तराच जास्त कापतो."

दुपारी ओट्यावर सावली आली तशी शिकवणी सुरू झाली. बन्सींनी डाव्या हातानं पेटीतून काळसर पथरी काढली, पाण्यानं भिजवली आणि तिच्यापुढं ठेवली. खिडकीच्या गजाला चामड्याचा पट्टा अडकवला.

"वस्तरा आडवा ठेव. पाठ पण टेकली पायजे आन् धार पण. आता धार पुढं ठेवून सरकव. हां. आता वळव. अगं, तसं नाय, धारेवर उलटवू नको!"

"मग कसा उलटवू?"

"गाडी वळते कशी? मागची चाकं जागा धरून राहतात, तोंड फिरतं. तशी पाठ पथरीवर राहू दे, धार वरून फिरव."

रत्नमालानं आयुष्यात गाडी चालवली नव्हती, पण नवऱ्याचं म्हणणं तिला कळलं. दोनचारदा चुकून पुढं हात बसला. मग पट्ट्यावर उलट करायचं होतं, पाठ पुढं आणि धार मागं. तिथं ती विसरली आणि चामड्याला चांगली चीर पडली. बन्सींनी डोळे मिटून घेतले. शिकाऊ ड्रायव्हरनं झटक्यात क्लच सोडला की ते असेच डोळे मिटत.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांच्या गळ्याला टॉवेल बांधला, साबणाचा फेस केला आणि गालावर वस्तरा टेकवला. केस कापले जाण्याऐवजी ओढले गेले. बन्सींच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"लागलं का?"

"नाय."

"मग रडायला काय झालं?"

"साबण गेला डोळ्यात."

अर्धा गाल कसाबसा झाला आणि लाल पडला. बन्सी आरशात बघून म्हणाले, "राहू दे रत्ना. सलूनात जातो. डोळे मिटून बसंन."

"आता नाय जायचं," ती म्हणाली. तिला त्या पात्याचा राग आला होता.

ते दुपारी झोपले तेव्हा ती पुन्हा ओट्यावर बसली. हलक्या हातानं घासून पाहिलं, जोरानं घासून पाहिलं. मनगटावरचे केस काही केल्या कापले जाईनात. कुठं चुकतंय ते दिसत नव्हतं, कारण धार इतकी बारीक की डोळ्यांना काही कळतच नव्हतं. अंगणवाडीत पोरांच्या हातावरची घाण दिसायला ती आधी खडूची भुकटी लावायची. तिनं आतून काजळाची डबी आणली. धारेच्या कडेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काजळाची रेघ ओढली आणि पथरीवर वस्तरा हळूच सरकवला.

उचलून पाहिलं तर दोन्ही टोकांचं काजळ पुसलं गेलं होतं. मधलं होतं तसंच होतं.

तिनं पथरी डोळ्यांसमोर आडवी धरली. मधोमध खोलगट झाली होती, जुन्या पाट्यासारखी. वस्तरा दोन कडांवर टेकत होता आणि मधल्या धारेला पथरी लागतच नव्हती.

बन्सी उठून बाहेर आले तेव्हा रत्नमाला शहाबादी फरशीवर ओली वाळू पसरून त्यांच्या वडलांची पथरी उपडी घासत होती.

"अगं, काय करायलीस? दादांची पथरी हाय ती!"

"दादांच्या पथरीला खड्डा पडलाय. बघा हात लावून."

त्यांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. "च्यायला," ते हळूच म्हणाले. "म्हणून मला इतकं दाबावं लागायचं."

"आन् म्हणून तुमचे गाल रोज लाल. मी समजायचे, तुमचं कातडं नाजूक हाय."

"मी पण तेच समजायचो," बन्सी म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता प्लास्टरचा हात भिंतीला लागला, तरी हसत राहिले. मग खाली बसून ते डाव्या हातानं वाळूवर पाणी शिंपडू लागले.

पथरी सपाट झाली. रत्नमालानं पुन्हा काजळ लावलं, पुन्हा वस्तरा सरकवला. या वेळी रेघ सगळीकडून पुसली गेली. मग ती घाई न करता घासत बसली. आधी पाण्यातून खरखर येत होती, नंतर नुसती सळसळ. पट्ट्याच्या न चिरलेल्या बाजूवर तिनं पातं परजलं आणि मनगटाला लावलं. तिथले केस अलगद पात्यावर आले. कातडीला काही कळलंसुद्धा नाही. ती बराच वेळ मनगटाकडं पाहत राहिली. तिला कुणाला तरी दाखवावंसं वाटलं, म्हणून तिनं बन्सींचं मनगटही साफ करून टाकलं.

जयंतीच्या सकाळी बन्सी खुर्चीत बसले. टॉवेल बांधला. त्यांचा उजवा पाय फरशीवर घट्ट रोवलेला होता.

"पाय ढिला सोडा," रत्नमाला म्हणाली. "गाल फुगवा. शाब्बास. आता मान वर."

वस्तरा फेसातून चालला तसा बारीक आवाज येत राहिला, कोरा कागद फाडल्यासारखा. गळ्याशी येताना तिचा हात क्षणभर थांबला. बन्सींनी डोळे मिटलेलेच ठेवले. "जा पुढं," ते म्हणाले, "रस्ता मोकळा हाय." ती पुढं गेली. कुठं रक्ताचा थेंब आला नाही.

भडकल गेटला गर्दीत त्यांचा जुना कंडक्टर पुंजाराम भेटला. जयभीम झाला. पुंजारामानं त्यांच्या गालाकडं निरखून पाहिलं.

"कोणतं सलून म्हणायचं हे?"

"घरचंच," बन्सी म्हणाले आणि बायकोकडं बोट दाखवलं.

दुसऱ्याच दिवशी पुंजाराम रुमालात गुंडाळलेला गंजका वस्तरा घेऊन हजर झाला आणि न सांगता खुर्चीत बसून मान वर केली.

"धार लावून देते," रत्नमाला म्हणाली. "दाढीचं मात्र जमायचं नाय. घरवालीला, आवडाबाईला पाठवा. शिकविते तिला."

"ती मला कापंल."

"मग तिच्याशी नीट वागा."

आवडाबाई दुपारी आली. रत्नमालानं वस्तरा तिच्या हाती दिला आणि पथरी भिजवली. खाटेवरून बन्सींनी सुरुवात केली, "आता गाडी वळते कशी..."

"तुमी चहा टाका," रत्नमाला म्हणाली.

बन्सी उठले. डाव्या हातानं साखरेचा डबा उघडत त्यांनी कान बाहेरच ठेवला. ओट्यावर दोघी कशावर तरी खूप हसत होत्या, आणि मधूनमधून पथरीवर पातं सरकत होतं.